घर नंबर एकचा लाल ठिपका

"वीज म्हणजे काय ते मला शिकवू नका!"

हे वाक्य रीडिंगकाका दिवसातून निदान एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. आणि त्यांना तो हक्क होता. चौतीस वर्षं त्यांनी घरोघर फिरून विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं होतं. चौतीस वर्षांत एक आकडा चुकला नव्हता. नुसता मीटर बघून ते सांगायचे, या घरात पाहुणे आलेत, त्या घरातली माणसं बाहेरगावी गेलीत, आणि तिसऱ्या घरात नवरा-बायकोचं फाटलंय, कारण दोन खोल्यांत दोन पंखे चालू आहेत! निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी कुणाच्या घरी चहाला गेले की आधी मीटर बघायचे, मग यजमानांकडे.

अशा माणसाच्या घरासमोर लाल ठिपका लागला!

झालं असं, की इमारतीच्या अध्यक्षीणबाईंनी पृथ्वी वाचवायला घेतली. या बाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना हेडबाई म्हणत. शाळा सुटली, पण फळा काही सुटला नव्हता. जिन्याजवळ त्यांनी एक मोठा फळा लावून घेतला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'पृथ्वी तापते आहे! तुम्ही काय करता आहात?' खाली सूचना. नको तिथले दिवे-पंखे बंद करा. कपडे वाऱ्यावर वाळवा. अन्न टाकू नका. फाटलेलं शिवून वापरा. बाजारात पिशवी घेऊन जा. लिफ्ट टाळा, जिना चढा. आणि त्याच्या खाली बारा घरांची यादी. प्रत्येक घरात माणसं किती आणि महिन्याला वीज किती, यावरून ठिपका. शहाण्यासारखं वागणाऱ्याला हिरवा, सुधारू शकेल त्याला पिवळा, आणि वाया गेलेल्याला लाल.

बारा घरांत लाल ठिपका एकच होता. घर नंबर एक. माणसं: एक.

पण रीडिंगकाकांच्या अंगाचा तिळपापड झाला तो ठिपक्यामुळे नव्हे. ठिपक्यापुढच्या नावामुळे. घर काकूंच्या नावावर होतं, मीटर काकूंच्या नावावर होतं, आणि काकूंना जाऊन आठ महिने झाले तरी कागदोपत्री नाव बदलायला काकांचा हात उठला नव्हता. त्यामुळे फळ्यावर काकूंचं पूर्ण नाव होतं, वळणदार अक्षरात, आणि त्याच्यापुढे टोमॅटोएवढा लाल ठिपका!

काकूंच्या नावापुढे! ज्या बाईने चाळीस वर्षांच्या संसारात एक दिवा उगाच जळू दिला नाही! काका पेपर आणायला खुर्चीतून उठले, तर परत येईपर्यंत पंखा बंद झालेला असायचा. शेजारणीकडे गप्पा मारायला गेल्या, तर बोलता बोलता शेजारणीचाही दिवा बंद करून यायच्या. जुन्या चादरीच्या उशा, उशांची पायपुसणी, पायपुसण्याची फडकी, आणि फडकं पार विरलं की त्याला म्हणायच्या, "आता हे खिडकीच्या फटीत घालू, वारा येतो." फळ्यावर लिहिलेलं एकूण एक काम ती बाई फळ्याशिवाय करत होती!

काका तडक पाचव्या मजल्यावर हेडबाईंकडे गेले. जिन्याने. दार उघडेपर्यंत बेल दाबून धरली.

"बाई, तो ठिपका पुसा."

"का बरं?"

"खोटा आहे म्हणून! माझ्या बायकोच्या नावापुढे लाल ठिपका? अहो, तिच्याएवढी वीज वाचवणारी बाई या इमारतीत झाली नाही!"

हेडबाईंचा आवाज जरा खाली आला. "ते मला ठाऊक आहे हो. पण काका, तुमच्या घरी एक माणूस आणि वीज सहा माणसांच्या घराएवढी. आकडे काही मी घरी बसून केले नाहीत."

"मग मीटर खोटा आहे!"

"चौतीस वर्षं लोकांना तुम्ही काय सांगत होतात? मीटर कधी खोटं बोलत नाही. माझ्या दारातच सांगितलं होतंत, आठवतं?"

आठवत होतं. म्हणून तर काका आणखी चिडले!

"मग चोरी आहे!" ते म्हणाले. "माझ्या मीटरवर कुणीतरी आपलं घर चालवतंय. येत्या रविवारी पकडून दाखवतो, आणि पकडलं की तो ठिपका तुम्ही स्वतःच्या हाताने पुसायचा, सगळ्यांच्या देखत!"

"पुसीन," हेडबाई म्हणाल्या. "आणि जाताना जिन्यानेच जा."

जिना उतरताना काका स्वतःशीच बडबडत होते. जिन्यानेच जा म्हणे! येताना काय उडत आलो होतो?

रविवारी सकाळी दहा वाजता, हातात जुनी रीडिंगची वही, कानावर पेन्सिल, असे काका तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत शिरले. बेत एकदम सोपा होता. आपल्या घराचा मुख्य खटका खाली पाडायचा. घरात वीज बंद. मग आपल्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. नाही थांबला, तर चोर आहे!

समोरच्या भिंतीवर बारा मीटर. आपला कोणता, हे काकांना डोळे मिटून सांगता आलं असतं. दिवा असा लुकलुकत होता की जणू त्याला ताप भरलाय. उजव्या भिंतीवर खटक्यांची रांग. ही रांग गेल्या वर्षी नवीन बसवली होती. प्रत्येक खटक्याखाली छोटी चिठ्ठी चिकटवलेली. पण चिठ्ठ्या वाचतो तो शिकाऊ! काका या खोलीत वीस वर्षं येत होते. डावीकडून पहिला खटका घर नंबर एकचा, दुसरा घर नंबर दोनचा, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

त्यांनी पहिला खटका पाडला. खाट्!

मीटरचा दिवा लुकलुकतच राहिला.

"सापडला!" काका मोठ्याने ओरडले. घरची वीज बंद, आणि मीटर धावतोय घोड्यासारखा! आता फक्त चोर कोण ते बघायचं. त्यांनी दुसरा खटका पाडला, घर नंबर दोनचा. खाट्!

दिवा थांबला. मेल्यासारखा.

घर नंबर दोन म्हणजे शिलाईताई. शेजारच्या. भिंतीला भिंत. काकूंच्या जिवाभावाच्या! काकूंचं दुखणं बळावलं तेव्हा रोज दुपारी येऊन त्यांचे केस विंचरून देणाऱ्या! आणि त्यांचं शिवणाचं यंत्र दिवसभर चालतं, विजेवर. कुणाच्या विजेवर, ते आता कळलं!

त्यांनी वहीत वेळ लिहिली, खाली दोन रेघा मारल्या, आणि ते पहिल्या मजल्यावर निघाले. जिन्यात कुठेतरी घंटा वाजायला लागली होती. वाजू दे! आज घंटा वाजायचाच दिवस होता.

शिलाईताईंचं दार उघडंच होतं. ताई खिडकीशी बसून कुणाची तरी पँट आखूड करत होत्या. यंत्र घरघरत होतं.

"यंत्र चालू आहे?" काकांनी दारातूनच विचारलं.

"हो. का?"

"दिवा?"

"तोही आहे. काय झालं काका? या ना आत."

"आत नंतर येतो. ताई, मी आत्ताच खाली तुमच्या घराची वीज बंद करून आलो. मुख्य खटक्यातून! तरी तुमचं यंत्र चालतंय. कुणाच्या विजेवर चालतंय ते सांगा!"

ताईंनी पायाखालच्या पेडलवरून पाय काढला. यंत्र थांबलं. त्यांनी यंत्राकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"काका, तुम्ही नाश्ता केलाय ना?"

"माझ्या नाश्त्याचं सोडा! माझ्या मीटरवरून वायर ओढलीत की नाही तुम्ही?"

"मी?" ताई उठल्याच. तोंडातल्या दोन टाचण्या काढून त्यांनी टेबलावर आपटल्या. "अहो, मला प्लगमध्ये पिन घालायची भीती वाटते! तीसुद्धा काकूच घालून द्यायच्या. मी वायर ओढते काय?"

"मग हे चालतंय कशावर? हवेवर?"

"मला काय माहीत? तुम्ही वीजवाले! तुम्हीच खटका पाडता, तुम्हीच विचारता चालतं कसं! उद्या माझ्या घरात श्वास कुणाचा घेते तेही विचाराल!"

आवाज ऐकून वरून चार माणसं आली, खालून दोन. प्रत्येकाला काका पहिल्यापासून सगळं सांगत होते, आणि दर वेळी सांगताना चोरी मोठी होत होती. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत शिलाईताईंनी अख्खं कापडाचं दुकान त्यांच्या मीटरवर चालवलं होतं! जिन्यातली घंटा आता थांबायचं नाव घेत नव्हती. मधूनच कुणीतरी काहीतरी ठोकल्यासारखा आवाजही येत होता.

एवढ्यात काकांची लेक आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि दर रविवारी यायची. दाराशी गर्दी बघून ती आधी कुलूप उघडून घरात धावली, तिथे बाबा नाहीत म्हणून गर्दीत शिरली. आठ महिन्यांपूर्वी ती अशीच आली होती, तेव्हाही दाराशी गर्दी होती.

"बाबा! बरे आहात ना?"

"मी उत्तम आहे! तुझ्या आईच्या नावाला डाग लावणारा चोर पकडलाय मी!"

"ते मग सांगा. आधी सांगा, आपल्या घरात वीज का नाही? मी आत्ता कुलूप उघडून आत जाऊन आले. फ्रीजसुद्धा बंद आहे."

"असणारच. मीच बंद केली."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्टचं काय?"

"बंद पडलीय. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये. आत कुणीतरी आहे, दार बडवतंय. घंटा ऐकू येत नाही का तुम्हाला?"

काका म्हणाले, त्यांचा लिफ्टशी काही संबंध नाही. त्यांनी फक्त दोन खटके पाडलेत, घर नंबर एक आणि घर नंबर दोन. लेकीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ही बघायची पद्धत तिने आईकडून घेतली होती. मग ती खाली निघाली, मागून काका, त्यांच्या मागून शिलाईताई, हातात कात्री तशीच, आणि मागून उरलेली सगळी वरात.

मीटरच्या खोलीत लेक खाली वाकली आणि तिने चिठ्ठ्या वाचल्या. मोठ्याने.

"पहिला खटका. लिफ्ट. दुसरा खटका. घर नंबर एक. तिसरा खटका. घर नंबर दोन." ती वळली. "बाबा, नवी रांग लावताना त्यांनी लिफ्ट पहिली घेतलीय. सगळी घरं एकेक पुढे सरकलीत."

काका मनात हिशेब लावत होते. पहिल्यांदा पाडला तो लिफ्टचा. म्हणून आपला मीटर चालूच राहिला. दुसऱ्यांदा पाडला तो आपला. म्हणून थांबला. म्हणजे चोर बिर कुणी नाही. शिलाईताईंच्या घराला तर आपला हातही लागला नव्हता!

"कोण मूर्ख माणूस सरकवतो असं न विचारता!" काका म्हणाले. पण त्यात जोर नव्हता.

इमारतीच्या पहारेकऱ्याने पहिला खटका वर केला. लिफ्ट हळूहळू खाली आली. दार उघडलं. आत हेडबाई होत्या! केस विस्कटलेले, हातातली चप्पल दार बडवून बडवून वाकलेली, आणि काखेत एक भलंमोठं खोकं.

'लिफ्ट टाळा, जिना चढा' हा फळा लिफ्टच्या बरोब्बर समोर होता. हेडबाईंनी तो वाचला. मग गर्दीनेही वाचला. मग सगळ्यांनी खोक्यावरचं वाचलं: 'पाय चेपण्याचे विजेचे यंत्र.'

"पाच मजले जिना चढून चढून पाय दुखतात माझे," हेडबाई म्हणाल्या. कुणी काही विचारलं नव्हतं.

एरवी हा क्षण काकांनी महिनाभर पुरवून पुरवून वापरला असता! पण काका भलत्याच हिशेबात अडकले होते. चोर नव्हता, मीटर खोटा नव्हता, मग वीज गेली कुठे? ठिपका खरा होता तर!

लेकीने दुसरा खटका वर केला आणि म्हणाली, "चला बाबा, घरी."

कुलूप काढायच्या आधीच आतून आवाज यायला लागले. दार उघडलं तर सगळं घर एकदम बोलायला लागलेलं! स्वयंपाकघरात रेडिओ, आतल्या खोलीत टीव्ही. बाल्कनीतला दिवा भर उन्हात जळतोय. पलंगाच्या वर छताला दोन पंखे, काकांच्या बाजूला एक आणि पलीकडे एक, दोन्ही फिरतायत. पलीकडच्या पंख्याखाली घडी केलेली चादर आणि उशी. लेक न्हाणीघरात गेली. गीझरचा दिवा लाल.

"बाबा, गीझर कधी लावलात?"

"साडेपाचला. रोज लावतो."

"का? तुम्ही तर गार पाण्याने अंघोळ करता. मी जन्मल्यापासून."

"अगं, तुझ्या आईला..." काका बोलायला लागले आणि थांबले. मग घसा साफ करून, जरा घुश्शातच म्हणाले, "रोज पहाटे हाक यायची. 'अहो, उठलात तर गीझर लावा.' उठलो की हात जातो."

"आणि बंद कधी करता?"

काकांनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू तिने त्यांना स्वयंपाकच कधी करता असं विचारलंय. "बंद? बंद ती करायची!"

"टीव्ही?"

"चार वाजता तिची मालिका असते. म्हणून मी दुपारीच लावून ठेवतो."

"आत्ता साडेअकरा वाजलेत."

"कालचा असेल."

"बाल्कनीतला दिवा?"

"ती संध्याकाळी फिरून येते. यायची. अंधारात वाट दिसावी म्हणून."

"बाबा, तुम्ही फक्त लावता!" लेक म्हणाली. "बंद करणारं माणूस गेलंय, आणि तुम्ही आठ महिने नुसतं लावतच सुटलायत!"

काका पलंगाच्या कडेवर बसले. चौतीस वर्षं त्यांनी दारोदार जाऊन लोकांना बजावलं होतं, वापर झाला की बटण बंद करा. आणि स्वतःच्या घरात त्यांनी चाळीस वर्षांत एक बटण बंद केलं नव्हतं. करायची वेळच आली नाही. ते उठायचे आणि मागून तिचा हात भिंतीवर जायचा. टक्. इतका सवयीचा आवाज, की तो यायचा थांबलाय हेही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

लेक त्यांच्याजवळ बसली. थोडा वेळ दोघंही वर फिरणाऱ्या दोन पंख्यांकडे बघत होती.

मग काका उठले. पलीकडच्या पंख्याच्या बटणाशी गेले. बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले.

टक्.

"जमलं की," लेक म्हणाली.

"वीज म्हणजे काय ते मला शिकवू नकोस!" काका म्हणाले आणि गीझर बंद करायला गेले.

दुपारी ते शिलाईताईंच्या दारात उभे राहिले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. तेही खातं काकूंकडेच होतं. "ताई, ते सकाळचं... मी जरा..."

"बसा," ताई म्हणाल्या. त्यांचा राग पुरता गेला नव्हता. चहा त्यांनी आदळूनच ठेवला. "तुमच्या भिंतीतून रात्रंदिवस टीव्ही ऐकतेय मी आठ महिने. एका शब्दाने बोलले का? म्हटलं, काकांना घरात कुणाचा तरी आवाज हवा असेल. आणि तुम्ही मला चोर ठरवता!"

काकांनी चहा संपवला, कप स्वतः धुतला, आणि निघताना भिंतीशी जाऊन ताईंच्या यंत्रावरचा दिवा बंद केला. ताई तशाच पँट धरून बसल्या.

"अहो काका, मी अजून शिवतेय!"

"चुकलं," काका म्हणाले. "सवय करतोय."

हेडबाई संध्याकाळी स्वतःच फळा पुसायला आल्या. बहुधा खोक्याची गोष्ट त्याबरोबर पुसली जावी म्हणून. पण काकांनी त्यांचा हात धरला. "ठिपका राहू द्या. तो खरा आहे. नाव पुसा! तिथे माझं लिहा. महिनाभर मी लाल. तिचं नाव जेव्हा लावायचं तेव्हा हिरव्यापुढेच लावायचं!"

तो महिना काकांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. पहिल्या आठवड्यात ते प्रत्येक बटण बंद करून दाराबाहेर पडत आणि खात्री करायला परत आत येऊन दिवा लावत. दुसऱ्या आठवड्यात गीझरच्या बटणावर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली. 'गार पाणी!' आणि या खेपेला चिठ्ठी वाचायचीही सवय लावून घेतली. पहाटे साडेपाचला हात तरीही जायचा. चिठ्ठीपाशी थबकायचा. परत यायचा.

महिन्याने फळ्यावर घर नंबर एकपुढे हिरवा ठिपका लागला. इमारतीतला सगळ्यात हिरवा. पुढे काकूंचं नाव, वळणदार अक्षरात. काकांनी तीनदा खाली येऊन तो बघितला. प्रत्येक वेळी जिन्याने.

मात्र एक गोष्ट त्यांनी लेकीला आधीच बजावली होती. हिरवा ठिपका लागला, की चार वाजताची मालिका परत लावायची. अर्धा तास, फक्त अर्धा तास! इतके महिने नुसतीच लावून ठेवली, आता समोर बसून बघायची. तिची राहिलेली गोष्ट कुणीतरी पुरी बघायला नको?

हिरवा ठिपका लागला त्या दिवशी काका चारला पाच मिनिटं असताना खुर्चीत बसले. चार वाजले. पडद्यावर मालिका नव्हतीच. ती संपून बहुधा पाच-सहा महिने झाले असावेत. दोन हसऱ्या बायका भाजी चिरायचा एक डबा विकत होत्या. एक चिरत होती, दुसरी दर मिनिटाला चकित होत होती.

म्हणजे इतके महिने काका काकूंसाठी हे लावून ठेवत होते!

कुणाची फसवणूक झाली म्हणून चिडावं, हेच त्यांना कळेना. पण अर्धा तास ठरवला होता, तो त्यांनी नेटाने पुरा केला. साडेचारला उठले. टक्, टीव्ही बंद केला.

आणि त्यानंतर, लेकीला हे अजून माहीत नाही, त्यांनी फोन लावून तो डबा मागवला. हाताने फिरवायचा असतो. वीज अजिबात लागत नाही.